गौरम्माच्या जागी

निंबेवाडीच्या शाळेत कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाई येणार आहेत, असं प्राणेश मास्तरांनी प्रार्थनेनंतर सांगितलं, तेव्हा निम्म्या पोरांना वाटलं की देवी टोचणारी बाई येणार. शनिवारी आठवीची पोरं बाह्या मनगटापर्यंत ओढून बसली. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या, त्यांच्या पिशवीतून सुई नव्हे तर कागद निघाले, आणि वर्गानं सुटकेचा श्वास टाकला. तो जरा लवकरच टाकला, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. निंबेवाडी खजुरीपासून चालत तासाभरावर. गावामागचा ओढा ओलांडला की महाराष्ट्र. घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही आणि भांडणाला उर्दू, अशी भाषांची वाटणी गावानं कधीच करून टाकलेली. नलिनीबाई गुलबर्ग्याच्या. यजमान अच्युतराव सरकारी कचेरीत मोठ्या जागेवर, माहेरी दोन पिढ्यांची मास्तरकी. बाईंच्या दोन कादंबऱ्या सोलापुरात छापून निघाल्या होत्या आणि दोन्ही तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी होत्या. "लहानांना राजाराणी आहेत, मोठ्यांना सगळं जग आहे," त्या म्हणायच्या, "मधल्यांना कुणी विचारत नाही." म्हणून त्या मधल्यांना विचारत शाळाशाळांतून फिरायच्या.

"ही कादंबरी मी लिहिणार नाही, तुम्ही लिहिणार," त्यांनी वर्गाला सांगितलं. "दर शनिवारी मी एक प्रकरण वाचीन आणि जिथं रस्ता फुटेल तिथं थांबेन. इकडं जायचं की तिकडं, ते तुम्ही हात वर करून सांगायचं. जिकडं जास्त हात, तिकडं गोष्ट. माझं काही चालणार नाही."

बापाचं चालतं, मास्तरांचं चालतं, पाटलाचं तर चालतंच चालतं, आपलं मात्र कधीच नाही, अशा वयाची ती पोरं. त्यांना आतून गुदगुल्या झाल्या.

"पहिल्यांदा नाव हवं. तुमच्याएवढी मुलगी आहे. पुस्तकी, गुळगुळीत नाव मला नको. या वर्गातलंच द्या."

"गौरम्मा!" मागच्या ओळीतून मल्लप्पा ओरडला. हा पाटलाचा पोरगा. दोनदा नापास होऊन आठवीत ठाण मांडून बसलेला.

गौरम्मा म्हणजे किराणा दुकानदार गुंडप्पाची मुलगी. वर्गात पहिली यायची. गृहपाठ तपासायचा राहिला तर मास्तरांना आठवण करून द्यायची, आणि अशी आठवण करून देणाऱ्या मुलीवर वर्ग किती प्रेम करतो हे सांगायला नको. पण तिला वाटलं, हा आपला मान आहे. तिचे कान तापले. हात वर झाले तेव्हा तिनंही आपला हात वर केला. त्या दिवशी तिच्या आईनं, शिवम्मानं, सण नसताना गव्हाची गोड हुग्गी शिजवली आणि गुंडप्पानं मीठ घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, "आमच्या गौरीचं नाव पुस्तकात यायलंय."

दुसऱ्या शनिवारी पुस्तकातली गौरम्मा एकटीच देवळात होती. पालखीवर लहानसं चांदीचं छत्र होतं, पुजारी शिवय्या पाणी आणायला गेला होता. बाईंनी कागद मांडीवर ठेवला. "घेईल की ठेवील?"

"ठेवील" म्हटल्यावर गौरम्माचा हात वर गेला. तिच्या शेजारच्या सिद्धम्माचा गेला. आणखी दोन-तीन गेले. "घेईल" म्हटल्यावर मल्लप्पानं हात वर केला आणि मागून पुढं सगळा वर्ग उभं पीक आल्यासारखा झाला. विज्ञानाच्या तासाला मास्तरांनी कागदावर लोखंडाचा कीस टाकून खालून चुंबक फिरवलं होतं. कण आपापले उभे राहिल्यासारखे दिसतात, पण एकही आपला आपण उभा राहत नाही. गौरम्माला तो कागद आठवला.

"बाई, ती असं करणार न्हाई," ती उठून म्हणाली.

"तुला ग काय ठावं?" मल्लप्पा म्हणाला. "का तूच करायलीस?"

वर्ग खिदळला. बाईही हसल्या. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, नवं काही हाती लागल्यावर माणूस हसतं तसं होतं. "बस बाळ. चांगली मुलगी चांगलीच राहिली तर कादंबरी पहिल्या पानावर संपते."

तिसऱ्या शनिवारी छत्राचा आळ म्हाताऱ्या शिवय्यावर आला. गौरम्मा खरं बोलेल की गप्प राहील? वर्गानं तिला गप्प ठेवलं. त्यानंतरच्या शनिवारी शिवय्याला गावानं देवळातून काढलं, आणि ती ओढ्याकाठी छत्र पुरून आली. दर वेळी गौरम्मानं दुसऱ्या बाजूला हात वर केला, दर वेळी तो हात मोजून बाजूला ठेवला गेला. प्राणेश मास्तर खूश होते. ज्या पोरांना दोन ओळी धड लिहिता येत नव्हत्या ती पानं भरून सुचवत होती, छत्र कुठं पुरावं, कसं पुरावं, तिला कुणी बघावं. शनिवारी एकही गैरहजर नसे. बाईंनी मास्तरांना सांगितलं, "या पोरांत काय जोर आहे! शहरातली मुलं फार लवकर माफ करतात."

शनिवार संपला तरी गोष्ट शाळेत राहीना. आडावर पोरी विचारायला लागल्या, "गौरे, छत्र कुठं पुरलीस?" लहान पोरांना तर कादंबरी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. ती आपली ओढ्याच्या काठानं खरंच उकरत फिरायची. वर्गात कुणाचा तरी कंपास हरवला, तर सगळ्यांच्या आधी गौरम्माचं दप्तर झाडलं गेलं. कंपास ज्याचा त्याच्याच पिशवीत, वहीच्या पुठ्ठ्यामागं सापडला. तिचं दप्तर भरून द्यायला मात्र कुणी वाकलं नाही. सिद्धम्मा वाकली.

सिद्धम्माबद्दल थोडं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी तिच्या बापानं एका विहिरीवरचं इंजिन रातोरात उपसून बैलगाडीत घातलं होतं. आळंदच्या रस्त्यावर सापडला, सजा भोगून सुटला, आणि गावाला तोंड दाखवायला नको म्हणून कुठं निघून गेला ते कळलं नाही. मागं राहिली आई आणि ही मुलगी. तिच्या शेजारी कुणी बसेना, तेव्हा मास्तरांनी गौरम्माला बसवलं. गौरम्मा बसली, अर्धी दयेनं आणि अर्धी पहिल्या नंबरच्या मुलीनं मास्तरांचं ऐकावं म्हणून. मग सवय झाली. सिद्धम्मा हळू वाचायची, हळू हसायची. बाई वाचत असताना तिला निम्मं कळायचं नाही, पण बाईंचा आवाज आवडायचा. गावानं आता कुठं ते इंजिन विसरायला सुरुवात केली होती.

गुंडप्पाच्या दुकानात गोष्ट पोचली ती गुरप्पाच्या तोंडून. हा दुकानाच्या पायरीवर रोज बिड्या फुंकत बसणारा माणूस. गौरम्मा तूरडाळ मोजत होती.

"गुंडप्पाण्णा, तराजू तूच धर बाबा," गुरप्पा म्हणाला. "लेकीला धरू देऊ नको. छत्र गेलं, आता मापं जातील."

पायरीवरची माणसं हसली. गुंडप्पाही हसला, कारण गिऱ्हाईक हसल्यावर दुकानदाराला हसावं लागतं. दुकान बंद केल्यावर मात्र त्यानं लेकीला समोर उभं केलं.

"पुस्तकातनं नाव काढून घे."

"अप्पा, ती गोष्ट हाय नुसती."

"मला गोष्ट कळती. गिऱ्हाइकाला कळत न्हाई. नाव गेलं तर शाळेला जायचं. न्हाई गेलं तर बसवंतप्पाला निरोप धाडतो. तो कवापासनं विचारायलाय."

बसवंतप्पा म्हणजे शिवम्माचा सख्खा भाऊ. मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्यावर त्याचं हॉटेल होतं. भाचीशी लग्न करायचा पहिला हक्क मामाचा, ही त्यांच्यातली जुनी रीत. त्यानं गौरम्मा पाळण्यात असतानाच हक्क सांगून ठेवला होता. गुंडप्पानं आजवर "शिकू दे, शिकू दे" म्हणून ते लांबवलं होतं. शिवम्मा चुलीपुढं बसून ऐकत होती. ती नवऱ्याच्या बाजूनंही बोलली नाही, भावाच्याही नाही आणि लेकीच्याही नाही.

पुढच्या शनिवारी मधल्या सुट्टीत बाई मास्तरांच्या खोलीत चुरमुऱ्यांची सुशीला खात बसल्या होत्या. गौरम्मा दाराशी उभी राहिली.

"बाई, माझं नाव काढा."

"कुठून?"

"पुस्तकातनं. अप्पा शाळा बंद करायलेत."

बाईंनी चमचा ठेवला. "ये, बस. मला सगळं सांग. मुली काय म्हणतात? नेमके शब्द काय? आणि दुकानात तो माणूस काय म्हणाला?"

इतक्या आपुलकीनं तिला महिनाभरात कुणी काही विचारलं नव्हतं. गौरम्मानं सगळं सांगितलं. आडावरचं, ओढ्याकाठचं, दप्तराचं, तराजूचं आणि मामाचंही. बाई एका कागदाच्या पाठीवर लिहून घेत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "मापं जातील म्हणाला की वजनं जातील म्हणाला?"

"मापं."

"मापं. छान." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे बघ बाळ, मला काढता येत नाही. माझं चालणार नाही असा शब्द मी मुलांना दिलाय. मतानं आलेलं नाव मतानंच जाईल. आणि जागा रिकामी सोडता येत नाही. तुझ्या जागी कोण, ते तू सुचव. याच वर्गातली मुलगी हवी. मनानं रचलेलं नाव चालायचं नाही. त्याच्यासाठी मुलं हात वर करत नाहीत, मी करून पाहिलंय."

"कोणाचं सुचवू?"

"तेच तर अवघड असतं. आम्हाला रोज करावं लागतं."

"आन् हात न्हाई वर झाले तर?"

"तर तू आहेसच," बाई म्हणाल्या आणि पुन्हा चमचा उचलला.

सुट्टी संपल्यावर त्यांनी वर्गाला तसं सांगून टाकलं. पुढच्या शनिवारी गौरम्मा एक नाव घेणार. मुलींच्या ओळीत एकमेकींकडं बघाबघी झाली.

मग जो आठवडा आला तसा गौरम्माच्या आयुष्यात पूर्वी आला नव्हता. सोमवारी एकीनं चिंचा आणल्या. मंगळवारी बोरं आली, भाजलेल्या तुरीच्या शेंगा आल्या. आडावर तिची घागर दुसऱ्याच कुणी भरून दिली. "छत्र कुठं पुरलीस" विचारणाऱ्या पोरी आता "गौरक्का, गौरक्का" करत मागं फिरायच्या. मल्लप्पाची चुलतबहीण शोभा त्याच वर्गात होती. तिनं आपल्या वेणीची रेशमी फीत सोडून गौरम्माच्या वेणीला बांधली.

"मी तुला कधी काय म्हणले का ग?" शोभानं विचारलं.

"म्हणलीस की. आडावर."

"ते सगळ्या म्हणायल्या म्हणून."

त्याच दिवशी मल्लप्पानं तिला कुंपणाजवळ गाठलं. "शोभीचं नाव घेतलीस तर एक हात वर व्हायचा न्हाई. बघच मग."

तो धमकी देत होता. गौरम्मानं ती माहिती म्हणून घेतली. शोभाचं नाव गळालं. मग जंगमाची मुलगी. तिचा बाप लग्नाला लागतो आणि मयताला लागतो, त्याच्या मुलीविरुद्ध हात कोण वर करील? तेही गळालं. एका पाटीवर लिहिणाऱ्या दोघी बहिणी सगळ्यांच्या लाडक्या होत्या. त्याही गळाल्या. एकदा तिच्या मनात आलं, "नलिनी" म्हणावं. क्षणभर फार बरं वाटलं. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाविरुद्ध हा वर्ग हात वर करणार नाही, बाई हसतील, "मुलं हुशार आहेत हो" म्हणतील, आणि रविवारी मन्नाएखेळ्ळीला निरोप जाईल. तेही गळालं.

खरं तर उत्तर तिला सोमवारीच मिळालं होतं. बाकीचे दिवस ती ताळा करून पाहत होती, आणि ताळा दर वेळी जुळत होता. एकच नाव असं होतं की त्यासाठी मल्लप्पानं हात वर केला नसता तरी वर्गानं केला असता.

शुक्रवारी सुटल्यावर सिद्धम्मा तिच्याबरोबर घराकडं चालली होती. आठवडाभरात तिनं चिंच आणली नव्हती, बोर आणलं नव्हतं. आपलंही नाव येऊ शकतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"गौरक्का, समद्या पोरी तुझ्यामागं कामून लागल्यात?"

"गणित शिकायलेत."

"मग मला कवा शिकवतीस?"

"परवा," गौरम्मा म्हणाली.

शनिवारी बाईंनी आल्याबरोबर हात चोळले. "चला. गौरम्मा, ऊठ. तुझ्या जागी कोण?"

गौरम्मा उभी राहिली. समोर फळा होता, त्यावर आदल्या दिवशीचं अर्धवट पुसलेलं गणित होतं. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "सिद्धम्मा."

मुलींच्या ओळीतून एक आवाज झाला. भरली पाटी डोक्यावरून उतरवताना बायकांचा होतो तसा. मागून कुणीतरी हलकेच "इंजिन" म्हणालं आणि हशा पिकला.

"ज्यांना मान्य त्यांनी हात वर," बाई म्हणाल्या.

या वेळी मल्लप्पाला पुढाकार घ्यावा लागला नाही. शोभाचा हात सगळ्यांत आधी गेला. मग दोघी बहिणींचे, मग जंगमाच्या मुलीचा. बघता बघता सगळ्या वर्गाचे हात उभे राहिले. गौरम्माचाही हात वर होता, कारण सुचवणाऱ्यानंच वर केला नाही तर मत कसलं? सिद्धम्मानं तिच्याकडं पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि आपलाही हात वर केला.

बाई मोजता मोजता थांबल्या. "तुझं नाव काय बाळ?"

"सिद्धम्मा, बाई."

"अरे! म्हणजे तुझंच? आणि तुला चालतं?"

"व्हय बाई," सिद्धम्मा म्हणाली. ती हसत होती. तिचं नाव आजवर कुणी कशासाठी घेतलं नव्हतं, आणि आज सगळ्या वर्गानं घेतलं होतं, तेही गौरक्कानं सांगितलं म्हणून.

"एकमत!" बाई मास्तरांकडं वळून म्हणाल्या. "बघा, असं कधी होत नाही." मग त्यांनी गौरम्माच्या पाठीवर हात ठेवला. "कोणतं नाव गोष्टीला चिकटेल, हे तुला कळलं. आज तू लेखिका झालीस."

त्यांनी नवं प्रकरण वाचायला घेतलं. कागदावर सगळीकडं "गौरम्मा" लिहिलेलं होतं, पण बाई न अडखळता त्या जागी "सिद्धम्मा" वाचत गेल्या. प्रकरणात गावाला चोरीचा सुगावा लागला होता. आडावरच्या पोरी विचारत होत्या, छत्र कुठं पुरलीस? दुकानाच्या पायरीवरचा एक माणूस म्हणत होता, तराजू तूच धर बाबा, छत्र गेलं, आता मापं जातील. वर्ग पोट धरून हसला. गौरम्मा आपले शब्द ऐकत होती, आणि ते आता दुसरीचे होते. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला फक्त हलकं वाटलं, ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर दिल्यावर मानेला वाटतं तसं.

रविवारी सिद्धम्मा गणित शिकायला आली. वही उघडली, पण लक्ष वहीत नव्हतं.

"गौरक्का, पुस्तकातली मी फुडं काय करायलीय?"

"मला काय ठावं?"

"अव्वाला सांगितलं मी, माझं नाव छापायलेत म्हणून. ती म्हणली, कामून? आपल्यात कोण छापण्यासारखं हाय? मी म्हणलं, गौरक्कानं सांगितलं."

"आधी हे गुणाकार कर," गौरम्मा म्हणाली.

सोमवारी वर्गाच्या फळ्यावर खडूनं एक इंजिन काढलेलं होतं आणि त्यावर छत्र. खाली लिहिलं होतं, "बाप-लेक आणि कंपनी." चित्र चांगलं होतं. मास्तरांनी ते पुसलं, पण पुसताना दाबलेल्या हसण्यानं त्यांचे ओठ हलले हे सगळ्यांना दिसलं. सिद्धम्माला चित्राचा अर्थ लागायला दुपार झाली. अर्थ लागल्यावर तिनं गौरम्माकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. गणित अडल्यावर ती बघायची तसंच बघितलं तिनं, आणि गौरम्मानं वहीत मान घातली.

बुधवारी सिद्धम्माची आई दुकानात आली. मीठ आणि काडेपेटी मागितली. गौरम्मा आतल्या खोलीच्या दारात होती. पायरीवर गुरप्पा होताच, आणखी दोघे-तिघे होते. गुंडप्पानं मीठ तराजूत टाकलं आणि पायरीकडं डोळा घालून म्हणाला, "गुरप्पा, तराजूकडं लक्ष ठेव बाबा. इंजिन गेलं, छत्र गेलं, आता आमची मापं जातील."

पायरी हसली. या वेळी गुंडप्पा आपल्या मनानं हसला. सिद्धम्माच्या आईनं पुडी घेतली नाही. पैसे फळीवर तसेच राहू दिले आणि निघून गेली.

"अगं, मीठ राहिलं की!" गुंडप्पानं हाक मारली. मग लेकीकडं वळून म्हणाला, "बघ, कसा ताठा हाय. बरं झालं तुझं नाव गेलं ते. आता मन लावून अभ्यास कर."

मन्नाएखेळ्ळीला निरोप गेला नाही. शिवम्मानं त्या दिवशी पोळीवर तूप जरा सढळ हातानं घातलं.

गुरुवारपासून सिद्धम्मा शाळेत दिसली नाही. तिच्या आईनं तिला करडई काढायला पाटलाच्या रानात नेलं, असं मल्लप्पा म्हणाला. रान आमचं, काम तिचं, आपल्याला काय, अशा आवाजात तो म्हणाला. प्राणेश मास्तरांनी हजेरी घेताना तिचं नाव दोनदा पुकारलं आणि पुढं गेले.

शनिवारी बाईंनी वर्गावर नजर फिरवली. "आपली सिद्धम्मा कुठंय?"

"येत न्हाई बाई," शोभा म्हणाली. "रानात जायलीय."

"अरेरे," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिला ऐकायला आवडलं असतं. शेवटचंच प्रकरण आहे. असो, पुस्तकातली आहे ना आपल्याकडं."

त्यांनी वाचलं. छत्र सापडलं होतं. ओढ्याकाठच्या मातीतून ते लहान पोरांनी उकरून काढलं होतं. म्हाताऱ्या शिवय्याला गावानं हात धरून पुन्हा देवळात बसवलं. आणि सिद्धम्माला चावडीपुढं उभं केलं. बाईंनी कागद मांडीवर ठेवला.

"इथं रस्ता फुटतो. गाव तिला माफ करील, की गावाबाहेर काढील? नीट विचार करा. हा शेवट आहे आणि शेवट बदलत नाही. माफ करील म्हणणाऱ्यांनी हात वर."

गौरम्माच्या शेजारची जागा रिकामी होती. त्या जागेवरून पलीकडची ओळ सरळ दिसत होती, आणि त्या ओळीतल्या सगळ्या पोरी तिच्याकडं बघत होत्या. शोभा बघत होती. मागून मल्लप्पा बघत असणार, हे मान न वळवता कळत होतं. एकटा हात वर गेला की तो कुणाचा, हे सगळ्यांना दिसतं. मग आडावर तेच, दुकानात तेच, आणि अप्पांचा निरोप अजून जाऊ शकतो. परीक्षा तोंडावर होती. नववीची पुस्तकं मास्तर तिला आपली देणार होते. गौरम्मानं दोन्ही हात मांडीखाली घेतले.

जंगमाच्या मुलीचा हात खांद्यापर्यंत आला, थबकला, आणि केस सारखे करून खाली गेला.

"कुणीच नाही?" बाईंनी विचारलं. त्यांनी वाट पाहिली. त्या प्रामाणिक होत्या, मतदानात घाई करत नसत. "बरं. गावाबाहेर काढील?"

हात वर झाले. मल्लप्पाचा, शोभाचा, दोघी बहिणींचा. गौरम्मानं मांडीखालून हात काढला. तिचा सगळ्यांत आधी नव्हता आणि सगळ्यांत शेवटीही नव्हता. मधल्या गर्दीत तो निघाला आणि कानाच्या पाळीपर्यंत येऊन थांबला.

बाई बोटानं मोजत ओळीओळीतून पुढं येत होत्या. तिच्याजवळ आल्या आणि थांबल्या.

"गौरम्मा, नीट वर धर बाळ," त्या म्हणाल्या. "असा अर्धवट धरलास तर मोजताना चुकतं माझं."

गौरम्मानं कोपर ताठ केलं आणि हात सरळ वर धरला.